मराठवाड्यातील अल्पसंख्य आणि एलजीबीटीआय बालकांचे भेदभावापासून संरक्षण

जात, धर्म, भाषा, जमात, लिंगभाव किंवा लैंगिक कल यांवरून अठरा वर्षांखालील मुलामुलींना शाळेत, वस्तीत, दवाखान्यात किंवा घरात वेगळी वागणूक मिळू नये आणि मिळालीच तर दाद मागता यावी, यासाठी असलेले कायदे व यंत्रणा आणि त्यांचा मराठवाड्यातील प्रत्यक्ष वापर, हा या नोंदीचा विषय आहे. एलजीबीटीआय या संज्ञेत समलैंगिक, उभयलैंगिक, ट्रान्सजेंडर आणि इंटरसेक्स व्यक्ती येतात. जन्मतः नोंदलेले लिंग ज्यांच्या स्वतःच्या लिंगओळखीशी जुळत नाही, त्या व्यक्ती ट्रान्सजेंडर. ज्यांची शारीरिक लिंगवैशिष्ट्ये जन्मतः स्त्री किंवा पुरुष या ठरीव साच्यात बसत नाहीत, त्यांना इंटरसेक्स म्हणतात.

मराठवाड्याचे आजचे आठ जिल्हे सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. इथल्या वस्तीचा पोत त्या इतिहासातून आला आहे. शहरांत आणि मोठ्या गावांत उर्दू बोलणारे मुस्लिम, नांदेडला गुरुद्वाऱ्याभोवती शीख, १९५६ च्या धर्मांतरानंतर गावोगावी बौद्ध, किनवटकडे गोंड व कोलाम, हिंगोली-नांदेडमध्ये आंध, तांड्यांवर गोरमाटी बोलणारे बंजारा आणि गावाबाहेर पालांत राहणारे पारधी, वैदू, गोपाळ. केंद्र सरकारच्या यादीत मुस्लिम, ख्रिस्ती, शीख, बौद्ध, पारशी आणि २०१४ पासून जैन हे अल्पसंख्य समाज आहेत. पारधी आणि बंजारा त्या यादीत नाहीत. पण वर्गात एकटे पडणाऱ्या मुलांचा विचार करताना त्यांना वगळले तर विषयच अर्धा राहतो.

शिक्षणाच्या हक्कासाठी या भूमीने मोठी किंमत मोजली आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५० मध्ये औरंगाबादेत महाविद्यालय सुरू केले, तेच पुढे मिलिंद महाविद्यालय झाले आणि खेड्यांतल्या दलित मुलांच्या पहिल्या पिढीला उच्च शिक्षणाचे दार उघडले. १९७८ मध्ये मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव झाला तेव्हा दलित वस्त्या जाळल्या गेल्या. त्या वस्त्यांत शाळकरी मुलेही होती. विद्यापीठाचा नामविस्तार १४ जानेवारी १९९४ ला झाला.

कायद्याचा पाया भक्कम आहे. संविधानाचा अनुच्छेद १५ भेदभावाला मनाई करतो, १७ अस्पृश्यता नष्ट करतो, २१-क सहा ते चौदा वयोगटाला मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क देतो आणि ३५०-क भाषिक अल्पसंख्य मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळावे असे सांगतो. संयुक्त राष्ट्रांची बालहक्क संहिता १९८९ ची, भारताने ती डिसेंबर १९९२ मध्ये स्वीकारली. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. त्याचे कलम १४ म्हणते की वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येणार नाही, आणि कलम १७ शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळालाही मनाई करते. पालावर जन्मलेल्या मुलाकडे जन्मदाखला बहुधा नसतो. त्यामुळे कलम १४ पारधी मुलांसाठी सर्वांत मोलाचे आहे. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने मारलेला शिक्का १९५२ मध्ये कागदावरून पुसला गेला, तरी वर्गात पेन हरवले की आधी पारध्याच्या पोराचे दप्तर तपासले जाते. कलम १७ मधला मानसिक छळ तो हाच.

ऊसतोडीने हा प्रश्न आणखी अवघड केला आहे. दिवाळीच्या सुमारास बीड आणि शेजारच्या जिल्ह्यांतून नवरा-बायकोची जोडी, म्हणजे एक ‘कोयता’, साखर कारखान्यांकडे निघते आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परतते. या टोळ्यांत वंजारी, बंजारा, दलित कुटुंबे मोठ्या संख्येने असतात. मूल सोबत गेले तर त्याची शाळा बुडते. म्हणून गावातच हंगामी वसतिगृहाची सोय केली जाते. मूल आजी-आजोबांपाशी राहते आणि दोन वेळच्या जेवणाची व्यवस्था शाळेकडून होते. योजना चांगली आहे. मात्र पंगत वेगळी बसत नाही ना, हे पाहणारे कोणी असावे लागते.

एलजीबीटीआय मुलांच्या बाबतीत फरक एवढाच, पण फार मोठा. जातीवरून किंवा धर्मावरून हिणवले गेलेले मूल रडत घरी येते तेव्हा घर त्याच्या बाजूचे असते. ‘बायल्या’, ‘छक्का’ म्हणून चिडवले गेलेले मूल हे घरी सांगूच शकत नाही, कारण पहिला मार बऱ्याचदा तिथेच बसलेला असतो. ते मूल दलित किंवा मुस्लिम असेल तर वस्तीतला उरलेला आधारही सुटण्याची भीती असते. २०११ च्या जनगणनेत देशभरात सहा वर्षांपर्यंतच्या ५४,८५४ मुलांची नोंद स्त्री-पुरुष सोडून ‘इतर’ अशी झाली. ही नोंद मुलांनी नव्हे, घरातल्या मोठ्यांनी केली होती, म्हणून हा आकडा खऱ्या संख्येचा अंदाज देत नाही. तरी अशी मुले आहेत, हे सरकारी दप्तरात आले.

सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०१४ च्या नालसा (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरण) खटल्याच्या निकालात ट्रान्सजेंडर व्यक्तींचे मूलभूत हक्क मान्य केले आणि ६ सप्टेंबर २०१८ ला प्रौढांमधील परस्परसंमतीचे समलैंगिक संबंध गुन्ह्याच्या कक्षेतून बाहेर काढले. २०१९ च्या ट्रान्सजेंडर व्यक्ती (हक्कांचे संरक्षण) कायद्याने शिक्षणसंस्थांतील भेदभावाला बंदी घातली आणि ट्रान्सजेंडर असल्याच्या कारणावरून कोणत्याही मुलाला न्यायालयाच्या आदेशाशिवाय आई-वडिलांपासून वेगळे करता येणार नाही असे ठरवले. हेतू चांगला आहे. पण जे मूल घरातल्या छळाला कंटाळून तृतीयपंथीयांच्या डेऱ्यातल्या (सामूहिक घरातल्या) गुरूकडे आसरा शोधते, त्याचे दुःख या कलमाला कळलेले नाही. अल्पवयीन मुलाच्या ओळखपत्राचा अर्जही पालकांनीच करायचा, अशी या कायद्याची मूळ तरतूद आहे.

इंटरसेक्स बालकांची अडचण जन्मापासून सुरू होते. बीड जिल्हा पोलीस दलात महिला शिपाई म्हणून भरती झालेल्या एका व्यक्तीला २०१७-१८ मध्ये पुरुष होण्याच्या शस्त्रक्रियेसाठी रजा मिळवायला मोठा झगडा करावा लागला. त्या व्यक्तीचे बालपण मुलगी म्हणून गेले होते. तमिळनाडूने मद्रास उच्च न्यायालयाच्या निकालानंतर २०१९ मध्ये, जिवाला धोका नसेल तर इंटरसेक्स बालकांवर लिंग ठरवणाऱ्या शस्त्रक्रिया करण्यास मनाई केली. मूल मोठे होऊन स्वतः बोलेपर्यंत थांबणे हाच योग्य मार्ग आहे.

मुलाला ‘सुधारण्यासाठी’ देवऋषी, अंगारा, मारझोड हे प्रकार अजून होतात. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणे हा महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याखाली गुन्हा आहे. डॉक्टरांपुरते बोलायचे तर लैंगिक कल बदलण्याचे उपचार करणे हे राष्ट्रीय वैद्यक आयोगाने २०२२ मध्ये व्यावसायिक गैरवर्तन ठरवले. मुलींच्या वाट्याला दुसराच ‘उपाय’ येतो, तो म्हणजे लग्न. परभणी आणि बीड हे बालविवाहांचे प्रमाण जास्त असलेले जिल्हे आहेत. मैत्रिणीवर जीव असलेल्या मुलीचे लग्न घाईने उरकले जाते आणि त्यामागचे कारण कुठेच नोंदले जात नाही. गावपातळीवर ग्रामसेवक (आता ग्रामपंचायत अधिकारी) हा बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतो. त्याच्याकडे कोणीही तक्रार करू शकते.

तक्रारीचे मार्ग अनेक आहेत. १०९८ या विनामूल्य क्रमांकावर चोवीस तास मदत मागता येते. संरक्षणाची गरज असलेले मूल जिल्ह्याच्या बालकल्याण समितीपुढे येते. शाळेविरुद्धची तक्रार शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ३२ प्रमाणे स्थानिक प्राधिकरणाकडे करता येते. निर्णय तीन महिन्यांत अपेक्षित असतो आणि अपील राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे जाते. लैंगिक अत्याचारासाठीचा २०१२ चा पोक्सो कायदा मुलगा, मुलगी, ट्रान्सजेंडर असा भेद करत नाही. शाळा व्यवस्थापन समितीत पंचाहत्तर टक्के सदस्य पालक असतात आणि वंचित गटांच्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा द्यावी लागते. २०२२ पासून शाळांमध्ये विद्यार्थ्यांच्या सुरक्षिततेसाठी सखी सावित्री समित्याही आहेत.

शिक्षकांची तयारी मात्र फार मागे आहे. ट्रान्सजेंडर मुलांना शाळेत सामावून घेण्याविषयी एनसीईआरटीने (राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने) २०२१ मध्ये शिक्षकांसाठी पुस्तिका काढली होती. राष्ट्रीय बालहक्क आयोगाने आक्षेप घेताच ती संकेतस्थळावरून काढून टाकली गेली. स्वच्छतागृह कोणते वापरू द्यायचे, गणवेशात सलवार की पँट, हजेरी कोणत्या नावाने घ्यायची, मुलामुलींच्या रांगा वेगळ्या लावायच्या की नाही, हे प्रश्न जिल्हा परिषदेच्या शाळेतला शिक्षक आज स्वतःच्या बुद्धीने सोडवतो. त्यात कागदाचा प्रश्न सर्वांत चिवट आहे. शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये पहिलीला लिहिलेले नाव, लिंग आणि जात शाळा सोडल्याच्या दाखल्यावर उतरते, आणि पुढचा प्रत्येक प्रवेश, शिष्यवृत्ती व नोकरी त्या दाखल्यावर चालते. नोंद बदलायची असेल तर विद्यार्थी शाळेत असतानाच मुख्याध्यापकांमार्फत शिक्षणाधिकाऱ्यांकडे प्रस्ताव पाठवणे सोपे जाते. शाळा सुटल्यावर तेच काम कित्येक पटींनी अवघड होते.