नॉर्थवुड्समधला हरणांचा सीझन: आधी लायसन्स, मग बंदूक

ऑक्टोबर उजाडला की मला फोन सुरू होतात. "दादा, टीममधले सगळे नोव्हेंबरात अप नॉर्थ, उत्तरेकडच्या जंगलात, हरणाच्या शिकारीला चाललेत, मलाही बोलावलंय. लायसन्स ऑनलाइन मिळतं ना?" मिळतं. घरबसल्या, चहा संपायच्या आत मिळतं. अडतं ते त्याच्या आधी आणि नंतर, आणि आपल्या लोकांचं अडतं ते इथल्या गोऱ्या मित्राला कधीच अडलेलं नसल्यामुळे तो सांगत नाही. त्याचा काही दोष नाही. तो बारा वर्षांचा असताना त्याच्या आजोबांनी त्याला हे सगळं करून दिलेलं असतं.

हे सगळं अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यापुरतं आहे. मिनेसोटा आणि मिशिगनमध्येही उत्तरेकडचं जंगल तेच, हरीणही तेच पांढऱ्या शेपटीचं. पण वयाच्या अटी, रहिवासाचे दिवस, तारखा सगळं वेगळं. तिकडच्या मित्राचं ऐकून इकडं अर्ज करू नका.

पहिली चूक तारखेची. बंदुकीचा सीझन नऊ दिवसांचा असतो आणि तो थँक्सगिव्हिंगच्या (नोव्हेंबरातल्या चौथ्या गुरुवारच्या सुट्टीच्या) आधीच्या शनिवारी उघडतो. आपण सुट्ट्यांच्या हिशेबानं विचार करतो, गुरुवार-शुक्रवार सुट्टी म्हणून बुधवारी रात्री गाडी काढतो. तोवर पहिला शनिवार-रविवार उलटलेला असतो, हरणं बिथरलेली असतात आणि केबिनमधले निम्मे लोक परतीच्या वाटेवर असतात. २०२५ मध्ये थँक्सगिव्हिंग २७ नोव्हेंबरला होतं. सीझन २२ ला उघडला आणि ३० ला मिटला. रजा मागायची ती त्या शनिवारच्या आदल्या शुक्रवारची.

आता कोर्स. तुमचा जन्म १ जानेवारी १९७३ ला किंवा त्यानंतर झाला असेल तर हंटर एज्युकेशनचं, म्हणजे सुरक्षित शिकारीच्या कोर्सचं, प्रमाणपत्र लागतं. धनुष्य आणि क्रॉसबोच्या लायसन्ससाठीसुद्धा. १८ वर्षं पूर्ण असतील तर सगळा कोर्स ऑनलाइन करता येतो. दुसऱ्या राज्यात केलेला कोर्सही इथं चालतो, पण त्याचा पुरावा हवा. गावाकडं लहानपणी छर्‍याची बंदूक चालवली होती, एनसीसीत नेमबाजी केली होती, हे सगळं छान आहे, पण खिडकीवर त्याला किंमत नाही. परीक्षा अवघड नाही. फक्त ती नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात द्यायला बसू नका, एवढं ऐका.

कोर्स न करता जायची एक वाट आहे, मेंटॉर घेऊन. तुमच्यासोबत अठरा वर्षं पूर्ण झालेला, स्वतः कोर्स केलेला (किंवा १९७३ च्या आधी जन्मलेला) माणूस पूर्ण वेळ हात पोचेल इतक्या अंतरावर हवा. "तो पलीकडच्या टेकडीवर बसतो, फोनवर असतो" याला मेंटॉर म्हणत नाहीत. आणि मेंटॉर असला तरी लायसन्स तुमच्या नावाचं लागतंच. हे वाक्य वाचूनही दरवर्षी कोणीतरी विसरतं.

लायसन्स मिळतं ते राज्याच्या नैसर्गिक संसाधन खात्याच्या, म्हणजे डीएनआरच्या 'गो वाइल्ड' पोर्टलवर किंवा लायसन्स विकणाऱ्या दुकानांतून. रहिवाशांना बंदुकीचं हरणाचं लायसन्स २४ डॉलरला, बाहेरच्यांना २०० ला. पहिल्यांदाच घेणाऱ्या रहिवाशाला ५ डॉलरमध्ये. हा फरक बघून लोकांना अचानक आपण विस्कॉन्सिनचे असल्याचा साक्षात्कार होतो. रहिवासी म्हणजे अर्जाच्या आधी किमान ३० दिवस ज्याचं कायमचं घर इथं आहे तो. ते कशावरून ठरतं? तुम्ही आयकर कुठं भरता, ड्रायव्हिंग लायसन्स कुठलं आहे, मतदान करत असाल तर कुठं करता. विलास काउंटीत तळ्याकाठी केबिन विकत घेतली, त्याचा मालमत्ता कर भरता, म्हणून तुम्ही रहिवासी होत नाही. शेजारच्या राज्यात, शिकागोत राहता ना? मग २०० डॉलर. नोकरी बदलून मिलवॉकीला आलात पण ड्रायव्हिंग लायसन्स अजून इलिनॉयचंच खिशात असेल, तर आधी ते बदला. पुढे बंदूक घेताना तसंही ते आडवं येणार आहे.

मग येतो तो कागद, जो बऱ्याच घरांत एकाकडंच असतो: सोशल सिक्युरिटी नंबर, सरकार कामाच्या आणि कराच्या नोंदींसाठी देतं तो. शिकारीच्या लायसन्सला तो का लागतो, असं विचारू नका. मुलांच्या पोटगीची थकबाकी वसूल करायला केलेल्या केंद्रीय कायद्यात शिकारीचं लायसन्सही येऊन बसलंय. एच-४ वर (नोकरीच्या व्हिसावर आलेल्याच्या जोडीदाराच्या व्हिसावर) असलेल्या, कामाची परवानगी नसलेल्या जोडीदाराकडं हा नंबर नसतो आणि अर्ज तिथंच थांबतो. लोक मग नवऱ्याचा किंवा बायकोचा नंबर टाकून मोकळे होतात. कृपा करून असं करू नका. माझ्याकडं सोशल सिक्युरिटी नंबर नाही, असं शपथेवर लिहून द्यायची सोय राज्याच्या कायद्यात आहे आणि त्यासाठी ठरलेला फॉर्म आहे. तो भरून द्यायचा, ऑनलाइन पुढं सरकत नसेल तर समक्ष जायचं. वेळ जातो, पण खोटा नंबर टाकल्यावर जो जाईल त्यापेक्षा कमीच.

लायसन्ससोबत काय मिळतं, हे नीट वाचा. त्यात एक नराचा टॅग, म्हणजे एक नर मारायची परवानगी, असतो, त्यासाठी निदान एक शिंग ३ इंच किंवा त्याहून लांब हवं. बिनशिंगी हरणाचे, म्हणजे माद्या आणि पाडसांचे टॅग दक्षिणेकडच्या शेतीपट्ट्यात लायसन्ससोबत मिळतात. उत्तरेच्या जंगलपट्ट्यात मात्र ते मोजके असतात, काही भागांत काही वर्षी शून्य. जे असतात ते ऑगस्टमध्ये विकायला निघतात, रहिवाशांना १२ डॉलरला, आणि मागणी असलेल्या भागांतले संपतात. शिवाय प्रत्येक टॅग एका विशिष्ट विभागाचा आणि एकतर सरकारी किंवा खाजगी जमिनीचा असतो. मॅडिसनमध्ये बसून घेतलेला शेतीपट्ट्याचा टॅग खिशात घालून उत्तरेतल्या शेवामेगन-निकोलेट जंगलात मादीवर बंदूक रोखता येत नाही. कुठं जाणार हे ठरवा, त्या वर्षीचा नकाशा बघा, मग बटण दाबा.

इथवरचं सगळं वाचलं नाही तरी चालेल. यापुढचं मात्र जे व्हिसावर आहेत त्यांनी दोनदा वाचा.

केंद्रीय कायद्यानुसार नॉनइमिग्रंट, म्हणजे तात्पुरत्या मुक्कामाच्या, व्हिसावर आलेल्या माणसानं बंदूक किंवा काडतुसं बाळगणं हा गुन्हा आहे. विकत घेणं तर सोडाच, हातात धरणंसुद्धा. नोकरीचे एच-१बी आणि एल-१, शिक्षणाचा एफ-१, जोडीदाराचा एच-४, पर्यटनाचा बी-२, सगळे त्यात आले. या बंदीला मोजके अपवाद आहेत, आणि आपल्या कामाचा अपवाद म्हणजे अमेरिकेत रीतसर दिलेलं, मुदतीत असलेलं शिकारीचं लायसन्स. म्हणजे जे लायसन्स तुमच्या मित्रासाठी हरीण मारायची परवानगी आहे, ते तुमच्यासाठी बंदुकीला हात लावायचीही परवानगी आहे. म्हणून क्रम उलटा करायचा नाही. सप्टेंबरात मित्र म्हणतो, "चल रेंजवर, थोडा सराव करू, लायसन्स नंतर घे." आणि तिथं भाड्याची रायफल हातात घेतली की झाला भंग. मासेमारीचं लायसन्स यात चालत नाही. एकानं तेच दाखवलं होतं, म्हणून सांगतो.

हे इतकं ताणून सांगायचं कारण दंड किंवा तुरुंग एवढंच नाही. बंदुकीसंबंधीच्या गुन्ह्यात दोषी ठरणं हे परदेशी नागरिकाला देशाबाहेर काढायचं स्वतंत्र कारण आहे, आणि त्यात ग्रीन कार्डवालेही सुटत नाहीत. दहा-बारा वर्षं ग्रीन कार्डच्या रांगेत उभं राहून एका शनिवारच्या दुपारपायी ती रांग सोडायची?

लायसन्स हातात आलं की बंदुकीच्या दुकानात जाता येतं. तिथं बंदूक खरेदीचा केंद्र सरकारचा ४४७३ क्रमांकाचा फॉर्म भरावा लागतो आणि सगळ्यात जास्त माणसं इथंच घसरतात. फॉर्म विचारतो, तुम्ही नॉनइमिग्रंट व्हिसावर दाखल झालेले परदेशी आहात का? आपला माणूस विचार करतो: मी पंधरा वर्षं इथं आहे, घर घेतलंय, आय-१४० (कंपनीनं ग्रीन कार्डसाठी केलेला अर्ज) मंजूर आहे, म्हणजे मी इमिग्रंटच की. आणि "नाही"वर खूण करतो. मंजूर आय-१४० असला तरी तुम्ही एच-१बीवर आहात, म्हणजे नॉनइमिग्रंटच आहात. उत्तर "हो". त्याच्या पुढचा प्रश्न अपवादाचा, त्याचंही उत्तर "हो", आणि सोबत शिकारीच्या लायसन्सची प्रत. चुकीची खूण म्हणजे केंद्र सरकारच्या फॉर्मवर खोटं विधान. ग्रीन कार्डचा शेवटचा अर्ज, आय-४८५, दाखल करून वाट बघत असलेल्यांनी आपला व्हिसा अजून जिवंत आहे की नाही हे वकिलाला विचारून मगच पेन उचलावं.

त्याच फॉर्ममध्ये मादक पदार्थांचा प्रश्न आहे. गांजा मिनेसोटात आणि मिशिगनमध्ये कायदेशीर झाला असेल. केंद्राच्या लेखी तसं नाही आणि फॉर्मवर ते स्पष्ट लिहिलेलं आहे.

जाताना फोनवरच्या पीडीएफवर विसंबू नका. लायसन्सची कागदी प्रत, पासपोर्ट, आय-९४ ची, म्हणजे देशात प्रवेश केल्याच्या नोंदीची, प्रिंट (त्यावरचा ॲडमिशन नंबर फॉर्मवर लागतो) आणि सध्याचा पत्ता असलेलं सरकारी ओळखपत्र. ड्रायव्हिंग लायसन्सवर जुन्या अपार्टमेंटचा पत्ता असेल तर गाडीच्या नोंदणीसारखा दुसरा सरकारी कागद जोडता येतो. आणि नाव! आपल्या पासपोर्टवर मधे वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव, ड्रायव्हिंग लायसन्सवर त्याचं फक्त आद्याक्षर, गो वाइल्डवर तेही नाही. माझंच एकदा असं तीन ठिकाणी तीन तऱ्हेचं नाव होतं आणि काउंटरवरचा मुलगा ते तीन कागद हातात घेऊन माझ्याकडं असं बघत होता, जणू मी तीन माणसं आहे. गो वाइल्डचं खातं उघडतानाच नाव पासपोर्टबरहुकूम घाला.

नागरिक नसलेल्यांची तपासणी करताना इमिग्रेशनच्या नोंदीही बघितल्या जातात, त्यामुळं उत्तर लगेच न येता "डिलेड" येणं नेहमीचं. तो नकार नाही. पण शुक्रवारी संध्याकाळी दुकानात उभे असाल तर शनिवार गेला.

सीझन संपल्यावरची एक गोष्ट जवळजवळ कोणालाच माहीत नसते. इथली वार्षिक लायसन्सं ३१ मार्चला संपतात. मित्राची बंदूक १ एप्रिललाही कपाटात निवांत पडून असते. तुमची मात्र त्या दिवशी बेकायदा होते, कारण ज्या लायसन्सच्या आधारावर ती घरात होती तेच उरलं नाही. म्हणून मी हरणाच्या लायसन्ससोबत स्मॉल गेमचंही, ससे-खारींचं, १८ डॉलरचं लायसन्स घ्यायला सांगतो आणि मार्च संपायच्या आत पुढच्या वर्षाचं. ससा मारायचा की नाही ते तुमचं तुम्ही बघा. घरात जोडीदाराकडं लायसन्स नसेल तर कपाटाची किल्लीही तुमच्याकडंच राहू द्या.

एवढा व्याप नको असेल त्यांनी धनुष्याचा विचार करावा. धनुष्य किंवा क्रॉसबो केंद्रीय कायद्याच्या व्याख्येत बंदूक नाही, त्यामुळं व्हिसाची भानगड नाही, ४४७३ नाही. त्यांचा सीझनही लांब, सप्टेंबरच्या मध्यापासून जानेवारीच्या सुरुवातीपर्यंत. नेम धरायला शिकायला मात्र महिने लागतात.

आणि भारतातून आलेले बाबा? १९७३ च्या आधी जन्मले असतील तर त्यांना कोर्स लागत नाही. लायसन्स बाहेरच्यांच्या दरात, सोशल सिक्युरिटीऐवजी शपथेवरचा फॉर्म, आणि त्यांनाही लायसन्स आधी, बंदूक नंतर.

जंगलातलं थोडक्यात. कमरेच्या वरचे निम्मे तरी बाह्य कपडे भडक नारिंगी किंवा भडक गुलाबी हवेत. टोपी घातली तर तिचाही निम्मा भाग. खाजगी जमिनीवर पाटी नसली तरी मालकाची परवानगी लागते. हरीण पडलं की दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचच्या आत नोंदणी, फोनवरून किंवा ऑनलाइन. लोक याला "चोवीस तास" समजतात किंवा "घरी पोचल्यावर करू" म्हणतात. केबिनवर मोबाइलची रेंज नसते, हे धरून चाला. पाच वाजायच्या आत रस्त्याला लागा.

आणि मांस खाण्याआधी डोक्याचा नमुना तपासायला द्या. क्रॉनिक वेस्टिंग डिसीज हा हरणांचा रोग राज्यात २००२ मध्ये पहिल्यांदा आढळला. तपासणी फुकट आहे, निकालाला थोडे दिवस लागतात, तोवर मांस फ्रीझरमध्ये वेगळं ठेवायचं.

जानेवारीत फ्रीझर भरलेला असतो आणि संक्रांतीच्या कार्यक्रमात मंडळाच्या खाऊगल्लीत हरणाच्या सुक्क्याचा स्टॉल लावायची कल्पना दरवर्षी कोणाला तरी सुचते. शिकारीचं मांस विकता येत नाही, कितीही कमी पैशांत. घरी बोलवा, तांबडा रस्सा करून पोटभर वाढा, त्याला कोणी अडवत नाही. निकाल आलेला असावा, एवढंच.