'समुद्रातला की पैदाशीचा?': बांगाई कार्डिनलमागची पार्श्वभूमी

बांगाई कार्डिनल हा शोभेचा छोटा समुद्री मासा घेताना दुकानदाराला 'समुद्रातला की पैदाशीचा?' म्हणजे समुद्रातून पकडलेला की टँकमध्ये वाढवलेला, असं विचारायची पद्धत मरीन टँकवाल्यांत (घरी खाऱ्या पाण्याचे मासे पाळणाऱ्यांत) आता रुळली आहे. (नावावरून बांगडा आठवतो, पण संबंध नाही. बांगाई हा इंडोनेशियात सुलावेसीच्या पूर्वेला असलेला द्वीपसमूह.) १९३३ मध्ये या माशाचं शास्त्रीय वर्णन छापलं गेलं आणि पुढची साठेक वर्षं तो विस्मरणात गेला. १९९५ च्या सुमारास त्याचे फोटो हौशी लोकांसमोर आले आणि मागणी अशी उसळली की २००० नंतर वर्षाला ६ ते ९ लाख मासे पकडले जात असल्याचे अंदाज आले.

खरा वाद २००७ चा. वन्यजीव व्यापाराच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात, म्हणजे ज्यांच्या व्यापारावर नियंत्रण असतं अशा जातींच्या यादीत, हा मासा घालावा, असा प्रस्ताव अमेरिकेने मांडला. मुद्दा बिनतोड होता. या जातीत नर अंडी तोंडात सांभाळतो आणि पिल्लं प्रवाहाबरोबर दूर न जाता तिथेच सी अर्चिन या काटेरी समुद्री जीवाच्या काट्यांत राहतात. त्यामुळे एखाद्या खाडीतले मासे संपले की शेजारच्या बेटावरून नवे येत नाहीत. इंडोनेशियाचं म्हणणं होतं की मच्छीमारांचं पोट यावर आहे, व्यवस्थापन आम्हीच करू. तज्ज्ञांच्या एका समितीनेही निकष पूर्ण होत नसल्याचं मत दिलं. प्रस्ताव मागे घेतला गेला. त्याच वर्षी हाच मासा धोक्यातल्या जातींच्या जागतिक लाल यादीत मात्र 'संकटग्रस्त' ठरला! २०१६ मध्ये युरोपकडून आलेला तसाच प्रस्तावही बारगळला. इंडोनेशियाने २०१८ मध्ये संरक्षण दिलं, तेही वर्षातल्या ठरावीक महिन्यांपुरतं.

हौशी माणूस पैदाशीच्या माशाकडे वळला तो यातल्या कशामुळेही नाही, असं मला वाटतं. समुद्रातून आलेल्या बांगाईंत इरिडोव्हायरस हा माशांना मारणारा विषाणू सापडू लागला. वरून धडधाकट दिसणारा मासा घरी आणल्यावर काही दिवसांत खाणं सोडायचा आणि मरायचा. घरच्या टँकमध्ये पैदास १९९० च्या दशकापासूनच होत होती, कारण पिल्लं जन्मतःच आर्टेमिया (माशांना खाऊ घालतात ते बारीक कोळंबीसारखे जीव) खाण्याइतकी मोठी असतात. पुढे थायलंडमधल्या पैदास केंद्रांतून मोठ्या प्रमाणावर माल येऊ लागला. अमेरिकेने २०२३ मध्ये आयात-निर्यातबंदीचा प्रस्ताव आणला, तेव्हा त्यात पैदाशीच्या माशालाही सूट नव्हती. तिथल्या हौशी मंडळींचा राग नेमका यावरच होता.