छुपा तळ की विमानतळ? अवकाशातल्या बंडखोरांच्या ठिकाणांची पार्श्वभूमी

१९७७ च्या पहिल्या 'स्टार वॉर्स'मध्ये सुरुवातीला जो पिवळा मजकूर वर सरकत जातो, त्याच्या दुसऱ्याच वाक्यात बंडखोरांची यानं एका लपलेल्या तळावरून झेपावून पहिला विजय मिळवतात. तळ कोणी बांधला, तिथे शिधा कुठून येतो, इंधन कोण पुरवतं, यातलं काहीच सांगितलेलं नाही. तरी थिएटरात कोणाच्या कपाळावर आठी पडत नाही. बंडखोर म्हटले की तळ आला आणि तळ आला की तो लपलेलाच असणार, हे तिकीट काढतानाच ठरून गेलेलं असतं.

१९८० च्या दुसऱ्या चित्रपटात हाच मजकूर जरा बदलतो. साम्राज्याच्या फौजांनी बंडखोरांना 'लपलेल्या' तळावरून हुसकावलं आहे आणि आता त्यांनी होथ नावाच्या बर्फाळ ग्रहावर नवा 'गुप्त' तळ उभारला आहे. तोच शब्द पुन्हा नको म्हणून दुसरा घातला असेल. पण दोन्हींत फरक आहे. लपायला आडोसा लागतो, गुपित राखायला माणसं लागतात. जंगलात, गुहेत, बर्फाखाली एकट्यालाही लपता येतं. गुपित मात्र आजूबाजूच्या गावाने तोंड मिटून ठेवलं तरच टिकतं. या चित्रपटांतल्या तळांना आडोसा भरपूर मिळाला आणि गाव जवळजवळ कधीच मिळालं नाही. त्यांच्या सगळ्या कटकटी तिथून सुरू होतात.

मराठीत हा गुंता आणखी वाढतो, कारण आपला 'तळ' शब्दच दुहेरी आहे. फौज तळ ठोकते तेव्हा ती उघड्या माळावर, सगळ्यांना दिसेल अशी राहुट्या लावून बसते. गाडीतळ, विमानतळ यातला तळ म्हणजे वाहनं थांबण्याची जागा. त्यात लपण्याचा काहीच अर्थ नाही. 'अड्डा' म्हणावं तर पत्त्यांचा आणि हातभट्टीचा वास येतो. शिवाय तो शब्द नेहमी सरकारच्या तोंडचा, 'अड्डा उद्ध्वस्त' अशा मथळ्यातला. आणि 'गड' म्हटलं की मराठी माणूस हमखास चुकतो. आपल्या गडांची जागा कधीच गुप्त नव्हती. छत्रपती राजाराम महाराज १६८९ मध्ये जिंजीला पोचले हे मोगलांना चांगलं ठाऊक होतं. वेढा सुमारे आठ वर्षं पडला आणि किल्ला पडायला १६९८ उजाडलं. गड दिसतो आणि तरी घेता येत नाही. बंडखोरांच्या तळाचं नेमकं उलटं आहे. तो दिसला, की गेला.

गंमत म्हणजे अवकाशकथेत लपलेला तळ आधी बंडखोरांचा नव्हताच, तो चाच्यांचा होता. १९३७-३८ मध्ये एका अमेरिकी मासिकात क्रमशः आलेल्या एका गाजलेल्या कादंबरीत आकाशगंगेचा पोलीस असलेला नायक चाच्यांच्या मुख्य तळाच्या शोधात असतो. तो त्यांच्या संदेशलहरी कोणत्या दिशेने जातात हे वेगवेगळ्या ठिकाणांहून टिपतो. त्या रेषा जिथे एकमेकींना छेदतात तिथे तळ सापडतो. म्हणजे लपलेला तळ ही तेव्हा गुन्हेगाराची खूण होती आणि सभ्य लोकांचा पत्ता सगळ्यांना ठाऊक असे. पुढे १९४९-५० मध्ये त्याच मासिकात दुसऱ्या एका प्रसिद्ध मालिकेतली 'दुसरं फाउंडेशन' नावाची छुपी संस्था सगळे आकाशगंगेच्या टोकाला शोधत फिरतात, आणि शेवटी वाचकाला कळतं की ती जुन्या साम्राज्याच्या राजधानीतच आहे. ही युक्ती चित्रपटवाल्यांनी तेव्हाच उचलली असती तर पुढच्या किती तरी ग्रहांचे हाल वाचले असते.

मधली दोन-तीन दशकं इथे ओलांडून जाऊ, कारण खरा सांधा बदलला तो सत्तरच्या दशकात.

पहिल्या चित्रपटाचा लेखक-दिग्दर्शक जॉर्ज लुकास याने पुढे मुलाखतीत उघडच सांगितलं की त्याच्या डोळ्यांसमोरचे बंडखोर हे व्हिएतकाँग, म्हणजे अमेरिकेशी लढणारे व्हिएतनामी गनीम होते आणि साम्राज्य म्हणजे अमेरिका. ३० एप्रिल १९७० रोजी अमेरिकेच्या अध्यक्षांनी दूरचित्रवाणीवर नकाशा दाखवत कंबोडियात फौजा घुसवल्याचं जाहीर केलं. कम्युनिस्टांच्या दक्षिण व्हिएतनाममधल्या सगळ्या लष्करी कारवायांचं मुख्यालय तिथे आहे, असं त्यांचं म्हणणं होतं. फौजांना तांदूळ सापडला, शस्त्रं सापडली. ज्याची वर्णनं झाली होती ते मुख्यालय काही हाती लागलं नाही. ते एका जागी बांधलेलं नव्हतंच. ते जागा बदलत फिरत होतं. सायगाव जवळच्या कु ची भागात तर भुयारांवरच शेतं आणि वस्ती होती. लपलेल्या तळाचा खरा नमुना हा, आणि त्याला तळ म्हणणंसुद्धा सैल आहे.

पडद्यावर मात्र हे आलं नाही. पडद्यावर आलं ते दुसऱ्या महायुद्धातलं ब्रिटिश विमानदळ. अवकाशातल्या चकमकींची दृश्यं तयार होईपर्यंत संकलनात महायुद्धावरच्या चित्रपटांतल्या विमानांच्या झटापटी जोडून ठेवल्या होत्या, हे आता सगळ्यांना ठाऊक आहे. त्या झटापटींबरोबर त्यांचं सगळं बिऱ्हाडही आत आलं. वैमानिकांना बसवून फळ्यासमोर मोहीम समजावणारा पांढऱ्या दाढीचा जनरल, काचेच्या टेबलावरचा नकाशा, कानाला यंत्र लावून उभे असलेले लोक, विमानाखाली पाना घेऊन लोळणारे मेकॅनिक. बंडखोरांचा तळ असलेल्या याव्हिनच्या चंद्रावरचं जंगल आणि मंदिरं ग्वाटेमालातल्या तिकालची, आतला हँगर इंग्लंडमधल्या स्टुडिओतला. पूर्ण आकाराची यानं इतकी थोडी होती की मागच्या रांगा रंगवलेल्या कटआउटांनी भरल्या होत्या.

आता यातली अडचण बघा. गनिमाकडे विमानदळ नसतं. विमानदळ असेल तर धावपट्टी, इंधन, सुटे भाग आणि शेकडो माणसं लागतात, आणि ती लपत नाहीत. बाहेर व्हिएतनामचं जंगल आणि आत १९४३ सालचा इंग्लंडमधला विमानतळ, असा हा जोड आहे. 'बंडखोरांना छुपा तळ का लागतो?' याचं उत्तर क्रांतीच्या पोथ्यांत शोधणारे बरेच आहेत. माझ्या मते ते विमानात आहे. एका माणसाने उडवायची लढाऊ यानं दाखवायची ठरली, त्याच क्षणी तळ अटळ झाला.

तो निर्मनुष्य जागी का, याचं उत्तर कथेतच आहे. ग्रह फोडणारं अस्त्र समोर असताना कोणत्या गावाने बंडखोरांना ओसरी द्यावी? ऑल्डेरान ग्रह त्याच अस्त्राने फोडला गेला ते सगळ्यांनी पाहिलं, आणि तिथे तर तळ नव्हताच.

इथून आपण त्या जुन्या भांडणाकडे येतो, ज्यावर चाळिशी-पन्नाशीतली समंजस माणसंही अजून आवाज चढवतात. बंडखोरांच्या राजकन्या लेयाने, शत्रू माग काढत असलेलं यान थेट याव्हिनच्या तळावर का नेलं?

प्रसंग आठवा. साम्राज्याच्या कैदेतून राजकन्येची सुटका झाल्यावर यानाचा वैमानिक फुशारकी मारत असतो आणि ती त्याला सरळ सांगते की त्यांनी आपल्याला सुटू दिलं, ते आपला माग काढताहेत. वैमानिक ते उडवून लावतो, पण तिचंच खरं असतं. यानावर माग देणारं यंत्र बसवल्याचं त्याआधीच्याच दृश्यात साम्राज्याच्या तोंडून कळलेलं असतं. म्हणजे फसवणूक झाली ती वैमानिकाची, तिची नाही. तिला माहीत होतं. चौकशीत तिने ज्या डँटूइनचं नाव घेतलं, तो रिकामा करून सोडून दिलेला तळ होता. जुना पत्ता देऊन शत्रूला चकवायची अक्कल असलेली बाई, नवा पत्ता मात्र स्वतः दाखवत घरी जाते.

एक पक्ष म्हणतो, हा पटकथेतला सरळसरळ खड्डा आहे. वाटेत एखाद्या बंदरात यान बदलता आलं असतं. निदान त्या अस्त्राचे आराखडे पोटात असलेल्या यंत्रमानवाला दुसऱ्या यानातून पुढे पाठवता आलं असतं. दुसरा पक्ष म्हणतो, ही चाल होती. ते अस्त्र फिरतं आहे, त्याला आकाशगंगेत शोधणार कुठे? त्याला घरी बोलावलं तरच त्याच्यावर हल्ला करता येतो. ऐकायला हे झकास वाटतं. पण चित्रपटातलं तिचंच वाक्य आड येतं. आराखडे तपासल्यावर एखादा कच्चा दुवा सापडावा एवढीच आपली आशा आहे, असं ती म्हणते. कच्चा दुवा आहे की नाही हेच माहीत नसताना वाघाला अंगणात बोलावणं, याला डाव म्हणत नाहीत.

मला तिसरीच बाजू पटते, आणि ती कोणालाच आवडत नाही. ती हताश होती. तिचा ग्रह काही तासांपूर्वी तिच्या डोळ्यांदेखत फुटला होता. आराखडे वाचू शकणारी माणसं एकाच ठिकाणी बसली होती. प्रत्येक तास उशिरात आणखी एखादा ग्रह जाण्याची भीती होती. तळाची किंमत तिने तिथल्या तिथे केली आणि तळ स्वस्त निघाला. मला खटकतं ते वेगळंच. शत्रूला नेम धरायला मधला मोठा ग्रह ओलांडून यावं लागतं, त्यात ३० मिनिटं जातात. शत्रूच्या मोजणीत ३० यानं वर आलेली असतात. खाली उरलेल्यांपैकी कोणालाही हलवलेलं दाखवलेलं नाही. मागावर शत्रू आहे हे तिने पोचल्यावर कोणाला सांगितलं का, तेही कळत नाही. राजकन्या म्हणून तिचं फार लाड करून कौतुक होतं, पण त्या तळावरच्या स्वयंपाक्याला कोणी विचारलं होतं?

२०१६ च्या चित्रपटाने या भांडणात आणखी तेल ओतलं. कच्चा दुवा मुद्दाम ठेवलेला होता आणि बंडखोरांच्या परिषदेला तो सांगितलाही गेला होता, असं त्यात दिसतं. तेव्हापासून 'चाल होती' म्हणणाऱ्यांना बळ आलं. पण ३९ वर्षांनी लावलेलं ठिगळ मूळ कापडाचा भाग धरायचं का, हा प्रश्न उरतोच. त्याच परिषदेत निम्म्या लोकांना पांगून जायचं असतं, आणि गनिमी शहाणपणाने पाहिलं तर तेच बरोबर होतं.

होथचा तळ या चुकीवरचा धडा वाटतो. चित्रीकरण १९७९ च्या मार्चमध्ये नॉर्वेतल्या फिन्स इथे झालं, समुद्रसपाटीपासून १,२२२ मीटरवर. वादळ असं की काही दृश्यं हॉटेलच्या मागच्या दारातून कॅमेरा लावून घ्यावी लागली. कथेत टेहळणी यंत्राने पाठवलेल्या चित्रात बर्फावरची बांधकामं दिसतात. तस्करांची वस्ती असेल, असं एक अधिकारी म्हणतो. साम्राज्याचा मुखवटेवाला सरदार डार्थ व्हेडर मात्र ओळखतो. मग बंडखोर बाँबपासून बचावासाठी ढाल उभी करतात, आणि ढालीची ऊर्जा दुरून टिपली जाते. तळ वाचवणारी गोष्टच तळाचा पत्ता देते. पण या वेळी सामान बांधायचा हुकूम लगेच सुटतो. एकेक वाहतूक यान दोन लढाऊ यानांच्या सोबतीने निघतं. तळ हा सोडण्यासाठी असतो, हे त्या मालिकेला इथे उमगतं. १९८३ च्या चित्रपटात तर जमिनीवर तळच नाही. सगळे आरमारात राहतात. आणि पहिल्यांदाच स्थानिक लोक मदतीला येतात, तेही भाले घेतलेले अस्वलांसारखे. त्यांची टिंगल झाली, पण ३ चित्रपटांत गाव मिळालं ते एवढंच.

याच सुमारास एका ब्रिटिश मालिकेने पाटी उलटी फिरवली होती. १९७८ ते १९८१ चाललेल्या 'ब्लेक्स सेव्हन'मध्ये बंडखोर बराच काळ एका यानातच राहतात, आणि लपलेलं ठिकाण असतं ते राजवटीचं. सगळी सत्ता चालवणारं ते नियंत्रण केंद्र इतकं गुप्त ठेवलेलं की खुद्द राज्यकर्त्यांनाही त्याची जागा ठाऊक नसते. बंडखोरांना स्वतःचा पक्का तळ चौथ्या पर्वात मिळतो. त्यांचा शेवट कसा झाला ते ज्यांनी पाहिलंय त्यांना वेगळं सांगायला नको.

पुढच्या चित्रपटांबद्दल थोडक्यात. २०१५ चा तळ इंग्लंडमधल्या ग्रीनहॅम कॉमनच्या जुन्या हवाई तळावर चित्रित झाला, म्हणजे विमानतळ पुन्हा विमानतळातच. २०१७ मध्ये प्रकाशवेगापलीकडेही माग काढता येतो असं ठरवल्यावर लपणं संपलंच. शेवटी उरलेले लोक बोलिव्हियाच्या मिठाच्या वाळवंटात चित्रित झालेल्या, कधीच सोडून दिलेल्या जुन्या तळात शिरतात, आणि त्याला मागचं दार आहे का हे कोणालाच माहीत नसतं. त्याच वर्षी याच विश्वातल्या अ‍ॅनिमेशन मालिकेतला, अ‍ॅटोलॉन ग्रहावरचा बंडखोरांचा तळ सापडला तो एका हेराच्या संदेशाची दिशा आणि आरमाराचा मार्ग या दोन रेषा जुळवून. १९३७ ची युक्ती ८० वर्षांनी जशीच्या तशी.

मग २०२२ ला याच विश्वातलं 'अँडोर' मालिकेच्या रूपात आलं आणि त्याने सगळंच हलवलं. त्यातला सर्वात टिकाऊ अड्डा राजधानीत, धनिकांच्या वर्दळीत आहे. पुराणवस्तूंचं दुकान, मालक केसांचा टोप लावून गिऱ्हाइकांशी गोड बोलतो, आणि आत संदेशयंत्र. तिथे आडोसा काहीच नाही, फक्त तोंड मिटून ठेवणारी दोन माणसं. २०२५ च्या दुसऱ्या पर्वाच्या सुरुवातीला हेच याव्हिनचं जंगलही दिसतं, पण अजून कोणी तळ बांधलेला नाही. तिथे नेता गमावलेली एक टोळी अडकली आहे. खायला नाही, एकमेकांवर बंदुका रोखलेल्या, आणि निर्णय कोणाचा हे दगड-कागद-कात्रीसारख्या हातांच्या खेळावर ठरवायची पाळी आलेली. पुढे तिथे हँगर येतो, शिस्त येते, परवान्याशिवाय यान हलवायचं नाही असे नियम येतात. दुकानदाराला ते मानवत नाही, आणि तिथल्या लोकांना दुकानदार मानवत नाही.

ग्रह फोडणाऱ्या अस्त्राची बातमी शेवटी त्या दुकानाच्याच मार्गाने बाहेर पडते. दुकानदाराचा जीव जातो, त्याची सहकारी बातमी घेऊन याव्हिनला पोचते, आणि मंदिरात बसलेल्या परिषदेला ती आधी पटतच नाही.