ड्रॉवरमध्ये राहिलेला शोधनिबंध

आमच्या कॉलेजात शहाद्याकडचा एक तरुण सहकारी आहे. प्राध्यापकीसाठीची नेट परीक्षा झाल्यावर चार वर्षं तासिका तत्त्वावर काढली, मग कुठे कायम झाला. सातपुड्यातल्या त्याच्या पाड्यावरून कॉलेजात शिकवायला लागलेला तो पहिलाच. त्याने पहिला शोधनिबंध लिहिला आणि एका ज्येष्ठ सरांकडे तपासायला दिला. परत आला तेव्हा पहिल्याच पानावर लाल पेनाच्या चौदा खुणा होत्या, समासात तीनदा 'स्पष्ट नाही', आणि खाली सही. त्याने तो ड्रॉवरमध्ये टाकला. चार महिने तो ड्रॉवर उघडलाच नाही.

मी विचारलं तेव्हा म्हणाला, "सर, हे आपलं काम नाही, असंच सुचवलंय त्यांनी."

मी ते पान मागून घेतलं आणि शब्दन् शब्द वाचलं. तसं कुठेच लिहिलेलं नव्हतं. खुणा सगळ्या बरोबर होत्या. निबंधात दम होता म्हणूनच सरांनी तो इतक्या बारकाईने वाचला होता. पण ते त्यांनी लिहिलं नव्हतं, आणि न लिहिलेली जागा याने स्वतःच भरून घेतली.

नेमकी हीच जागा मानसशास्त्रज्ञांनी प्रयोगातून तपासली आहे. 1999 मध्ये छापून आलेल्या एका प्रयोगात जेफ्री कोहेन, क्लॉड स्टील आणि ली रॉस यांनी अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात गोऱ्या आणि कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांकडून निबंध लिहून घेतले. निबंधाला स्वतःचा फोटो जोडलेला, म्हणजे तपासणाऱ्याला आपला वर्ण कळणार हे लिहिणाऱ्याला ठाऊक. काहींना नुसती टीका मिळाली, काहींना टीकेआधी थोडं कौतुक. तिसऱ्या गटाला टीकेबरोबर दोन गोष्टी सांगितल्या: आमची अपेक्षा उंच आहे, आणि तुमचा निबंध वाचून वाटतं की तुम्ही तिथवर पोहोचाल. नुसत्या टीकेने कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांचा तपासणाऱ्यावरचा विश्वास उडाला होता. वरवरच्या कौतुकाने तो पुरता भरून निघाला नाही. त्या दोन गोष्टींनी भरून निघाला, आणि निबंध पुन्हा लिहायची त्यांची उमेदही वाढली.

मला यातली कौतुकाची बाब फार महत्त्वाची वाटते. आपल्याकडे नव्या माणसाला सांभाळून घ्यायचं म्हणजे 'छान लिहिलंय हो' म्हणून खुणा कमी करायच्या, असा समज आहे. ज्याला आयुष्यभर कमी लेखलं गेलंय, त्याला ही सवलत बरोबर ओळखू येते.

हे अमेरिकेपुरतं नाही. कार्ला हॉफ आणि प्रियंका पांडे या संशोधकांनी उत्तर प्रदेशातल्या खेड्यांमध्ये सहावी-सातवीच्या मुलांना कागदावरच्या भूलभुलैयाची कोडी सोडवायला दिली. 2006 मध्ये त्याचे निष्कर्ष छापून आले. ज्या गटांत जात जाहीर केली नव्हती तिथे दलित आणि सवर्ण मुलं बरोबरीने कोडी सोडवत होती. ज्या गटांत सगळ्यांसमोर नाव, गाव, जात पुकारली तिथे दलित मुलांची कामगिरी ठळकपणे घसरली. मुलं तशीच होती आणि कोडीही तशीच. स्टाफ रूममध्ये पहिल्याच दिवशी 'जागा कोणत्या प्रवर्गातली?' असं सहज विचारलं जातं, तेव्हा मला ती पुकारलेली नावं आठवतात.

आमच्या या सहकाऱ्याच्या घरात पावरी, म्हणजे सातपुड्यातल्या पावरा आदिवासींची भाषा, बोलतात. शाळा मराठीत झाली, आठवडे बाजार अहिराणीत, आणि शोधनिबंध इंग्रजीत. विभागाच्या बैठकीत तो गप्प असतो. चहाच्या टपरीवर मात्र पटकन म्हणतो, "भाऊ, हाई माले समजनं नही." हे वाक्य बैठकीतल्या प्रमाण मराठीत त्याच्या घशातच अडकतं. मार्गदर्शनाची जागा म्हणून मी टपरी निवडली ती यासाठी. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात महाविद्यालयीन शिक्षकांसाठी ज्येष्ठ आणि निवृत्त प्राध्यापकांच्या मार्गदर्शनाची राष्ट्रीय योजना मांडली आहे, आणि त्यात भारतीय भाषांतून शिकवू शकणाऱ्यांचा मुद्दाम उल्लेख आहे. जळगाव, धुळे, नंदुरबार या तीन जिल्ह्यांचं आमचं विद्यापीठ तर अक्षरओळख नसलेल्या बहिणाबाईंच्या नावाचं. इथे भाषा आड यावी, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

पण सगळा भार ज्येष्ठांवर टाकूनही भागत नाही. कॅथी क्रॅम या संशोधक बाईंनी 1980 च्या दशकात मार्गदर्शनाची दोन अंगं दाखवली: एक नोकरीत पुढे नेणारं, दुसरं मनाला आधार देणारं. 1985 मध्ये लिन इझाबेला यांच्यासोबत त्यांनी दाखवलं की बरोबरीचे सहकारीही ही दोन्ही कामं करतात. शिवाय तिथे देणं-घेणं दोन्ही बाजूंनी असतं, म्हणून उपकाराचं ओझं राहत नाही. ज्येष्ठ सरांना 'कॅसची, म्हणजे बढतीच्या योजनेची, फाईल कशी लावायची' हे तिसऱ्यांदा विचारायला जीव धजत नाही. शेजारच्या टेबलावरच्या मॅडमना दहादा विचारता येतं.

अर्थात सवड मिळाली तर. आमच्या कॉलेजने एकदा मार्गदर्शन मंडळ काढलं आणि बैठक संध्याकाळी पाचला ठेवली. त्या वेळी जळगावहून जाऊन-येऊन करणाऱ्या तिन्ही मॅडम स्टेशनच्या वाटेला लागलेल्या असतात. पुढे घरी स्वयंपाक, सासू-सासऱ्यांची औषधं. तिसऱ्या बैठकीनंतर अहवालात लिहिलं गेलं, 'महिला प्राध्यापकांचा प्रतिसाद अल्प.'

त्यांचं मंडळ चालूच होतं, सुरत-भुसावळ मार्गावरच्या गाडीत. एकदा मी त्यांच्याच डब्यात होतो. जेवणाच्या डब्याचं झाकण उघडं, कळण्याची भाकरी आणि ठेचा मधे, आणि मांडीवर एकीच्या निबंधाचा कच्चा मसुदा. दुसरी पेन्सिलीने खुणा करत होती. "हा तक्ता काढून टाक, नाहीतर परत पाठवतील," ती म्हणाली, "आणि हा परिच्छेद जरा वाढव, तुझा खरा मुद्दा इथेच आहे." धरणगाव येईपर्यंत तीन पानं झाली होती.

गेल्या महिन्यात आमच्या त्या सहकाऱ्याने ड्रॉवर उघडला. ज्येष्ठ सरांनी माझ्या सांगण्यावरून त्याच पानावर, त्याच लाल पेनाने, दोन ओळी वाढवून दिल्या होत्या. चौदापैकी नऊ खुणांची दुरुस्ती झाली आहे. दहावीवर तो आणि सर अजून भांडताहेत.