प्लास्टिकची स्वयंपाक-साधने व त्यांचे पर्याय (खानदेश)

स्वयंपाकात अन्नाला प्रत्यक्ष लागणाऱ्या प्लास्टिकच्या वस्तू (पळ्या, सराटे अर्थात उलथणी, झारे, गाळण्या, डबे, भाजी कापायचे पाट, वाळवणाचे कागद), त्यांतून अन्नात उतरणारी द्रव्ये आणि धातू, लाकूड, माती व पान हे त्यांचे पर्याय. प्रस्तुत नोंदीत हा विषय जळगाव, धुळे व नंदुरबार जिल्ह्यांतील स्वयंपाकाच्या अंगाने मांडला आहे.

प्लास्टिक हे एकच द्रव्य नव्हे. त्यातील लांब साखळीचे बहुवारिक (पॉलिमर) सहसा अन्नात विरघळत नाही. उतरतात ते लहान रेणू : साखळीत न जोडले गेलेले एकवारिक, अर्धवट जोडलेले अल्पवारिक आणि रंग, मऊपणा किंवा टिकाऊपणा यांसाठी मिसळलेली पूरके. उष्णता, तेल, आंबटपणा आणि संपर्काचा वेळ या चार गोष्टींनी हे उतरणे वाढते. शेवभाजीच्या रश्शात चारही एकत्र येतात. वर तर्रीचा थर, खाली उकळता टोमॅटो-मसाला आणि पंगत उठेपर्यंत पातेल्यात उभी असलेली पळी. त्यामुळे साध्या वरणात न दिसणारा दोष येथे लवकर दिसतो : पळीच्या कडा पांढुरक्या व खरबरीत होतात आणि तर्रीचा लाल रंग आत मुरून घासूनही निघत नाही. रंग मुरला म्हणजे विष उतरले असे नव्हे. पण तेल प्लास्टिकच्या अंगात शिरू शकते, एवढे त्यावरून कळते. आणि ही वाट दुहेरी असते.

भारतात प्लास्टिकातून अन्नात उतरणाऱ्या एकूण द्रव्याची चाचणी आयएस ९८४५ या मानकाप्रमाणे होते. मर्यादा किलोग्रॅम अन्नामागे ६० मिग्रॅ. किंवा पृष्ठभागाच्या चौरस डेसिमीटरमागे १० मिग्रॅ. अशी आहे. पॉलिएथिलिनसाठी आयएस १०१४६ व पॉलिप्रोपिलिनसाठी आयएस १०९१० ही स्वतंत्र मानके आहेत. अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या २०१८ च्या वेष्टनविषयक नियमांत यांचा आधार घेतला आहे. एकूण मर्यादा वजन मोजते, घातकता मोजत नाही. ६० मिग्रॅ. निरुपद्रवी मेण आणि ६० मिग्रॅ. अन्य काही यांत ती फरक करत नाही, म्हणून संशयित द्रव्यांसाठी वेगळ्या, बऱ्याच कडक मर्यादा लागतात.

प्रकार व त्यांच्या मर्यादा : घरगुती पळ्या व सराटे बहुधा पॉलिप्रोपिलिन किंवा नायलॉनचे असतात. ओळखण्याची सोपी रीत पाण्याची. पॉलिप्रोपिलिनची घनता सु. ०.९० असल्याने ते तरंगते, नायलॉनची सु. १.१४ असल्याने ते बुडते. पॉलिप्रोपिलिन १६०°–१६५° से.च्या आसपास वितळते आणि मऊ त्याआधीच पडते. तळणाचे तेल १७०°–१९०° से. असते. म्हणजे फोडणीत पॉलिप्रोपिलिनचा चमचा फिरवणे हा जोखमीचा प्रश्नच नाही, तो वितळणारच. नायलॉन-६ सु. २२०° व नायलॉन-६६ सु. २६०° से.ला वितळत असल्याने ते टिकल्यासारखे वाटते. तथापि कोरड्या तापलेल्या तव्यावर सराट्याची कड दाबून धरली की तीही झिजून दोऱ्यासारखी ओढली जाते. जर्मनीच्या जोखीम-मूल्यांकन संस्थेने २०१९ मध्ये नायलॉनमधून उतरणाऱ्या अल्पवारिकांचा विचार करून ७०° से.पेक्षा गरम अन्नाशी अशा साधनांचा संपर्क शक्य तितका थोडा ठेवावा, असा सल्ला दिला. काही निकृष्ट नायलॉन साधनांतून प्राथमिक ॲरोमॅटिक अमाइने उतरत असल्याचे आढळल्यावरून यूरोपीय संघाने २०११ मध्ये चीन व हाँगकाँगहून येणाऱ्या मालावर विशेष तपासणी लावली होती.

मेलामाइनच्या ताटल्या-वाट्या तडा न जाणाऱ्या चिनी मातीसारख्या दिसतात, म्हणून खाणावळींत त्यांचे चलन मोठे आहे. गरम व आंबट पदार्थात त्यांतून मेलामाइन व फॉर्माल्डिहाइड उतरते. तैवानात झालेल्या व २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका लहान अभ्यासात बारा जणांना गरम नूडल-सूप एकदा मेलामाइनच्या व एकदा चिनी मातीच्या वाडग्यातून दिले. पुढील ७२ तासांत लघवीतून गेलेले मेलामाइन अनुक्रमे सु. ८.३५ व १.३१ मायक्रोग्रॅम भरले. प्रमाण अल्प आहे, दिशा मात्र स्पष्ट आहे. मेलामाइनच्या वाटीत कोशिंबीर ठीक, उकळता रस्सा नको. अशी भांडी मायक्रोवेव्हमध्ये ठेवू नयेत. ‘बांबूची’ म्हणून विकली जाणारी पुष्कळ भांडीही बांबूचा भुसा मेलामाइन राळेत बांधून केलेली असतात.

काळे प्लास्टिक : या विषयावर अलीकडे बरीच चर्चा झाली. काळा रंग सहसा काजळीने येतो. काजळी अवरक्त किरण शोषून घेत असल्याने कचरा निवडणाऱ्या प्रकाशीय यंत्रांना प्लास्टिकची जात ओळखता येत नाही. दूरदर्शन संच व विजेची उपकरणे यांच्या कवचांत आग रोखण्यासाठी ब्रोमीनयुक्त द्रव्ये घातलेली असतात. असे भंगार मिसळून पुन्हा काळाच माल तयार होतो आणि त्यात क्वचित पळ्याही असतात. ऑक्टोबर २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका शोधनिबंधात घरगुती वापराच्या २०३ काळ्या वस्तू चाळून ब्रोमीन जास्त आढळलेल्या २० वस्तूंची सखोल तपासणी केली होती. त्यांतील १७ वस्तूंत आगरोधक सापडले. त्यांपैकी डेकाबीडीई या द्रव्याचा अंदाजे दैनिक संपर्क ३४,७०० नॅनोग्रॅम धरून तो सुरक्षित मर्यादेच्या जवळ जातो, असे लेखकांनी म्हटले. येथे गुणाकार चुकला होता. शरीराच्या किलोग्रॅम वजनामागे ७,००० नॅनोग्रॅम ही मर्यादा ६० किग्रॅ. वजनाला लावली तर ४,२०,००० येते. निबंधात ४२,००० छापले गेले. डिसेंबर २०२४ मध्ये दुरुस्ती झाली आणि संपर्क मर्यादेच्या दशांशाहूनही कमी ठरला. लेखकांनी आपला मूळ निष्कर्ष कायम ठेवला. टीकाकारांच्या मते भीतीच दसपट झाली होती. दोन्ही बाजू पाहता अधिक टिकणारा मुद्दा प्रमाणाचा नसून मुळाचा दिसतो : भंगारातल्या आगरोधकांचा अन्नाशी काही संबंध नाही आणि काळ्या पळीवरून ती कशाची आहे हे घरी कळत नाही.

बिस्फेनॉल-ए (पॉलिकार्बोनेटच्या बाटल्या व डब्यांच्या आतील लेप) याविषयी तज्ज्ञांत उघड मतभेद आहे. यूरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने एप्रिल २०२३ मध्ये सह्य दैनिक मात्रा किलोग्रॅम वजनामागे ४ मायक्रोग्रॅमवरून ०.२ नॅनोग्रॅमवर आणली. उपरोक्त जर्मन संस्थेने हे अमान्य करून २०० नॅनोग्रॅम ही मात्रा सुचवली. पळ्या-सराट्यांशी या वादाचा संबंध थोडाच आहे. सिलिकोन हे काटेकोर अर्थाने प्लास्टिक नव्हे. चांगल्या प्रतीचे सिलिकोन सु. २२०° से.पर्यंत चालते. कारखान्यात शेवटची उष्णता-प्रक्रिया पुरेशी झाली नसेल तर त्याला वास येतो व त्यातून चक्रीय सिलोक्सेने (सिलिकोनचे लहान रेणू) निघतात.

वाळवण : खानदेशात पळीपेक्षा मोठा प्रश्न वाळवणाच्या कागदाचा आहे. मार्च ते मे या काळात बिबडे, कुरडया, ज्वारीचे व नागलीचे पापड यांसाठी गच्च्या व्यापलेल्या असतात आणि हवेचे तापमान ४५° से.च्या पलीकडे जाते. बिबड्यांसाठी शिजवलेले ज्वारीचे गरम पीठ ओल्या धोतरावर थापून ते कापड खाटेवर पसरण्याची रीत होती. वाळल्यावर कापडाला उलट बाजूने पाणी शिंपडून बिबडे सोडवतात. घाई केली तर कडा कापडाला राहतात. प्लास्टिकवर थापलेले बिबडे वाळले की आपोआप सुटते, एवढ्या एका सोयीने कापड मागे पडले. मात्र खालची बाजू श्वास घेत नाही. तेथे घाम धरतो आणि त्याच दिवशी उलटले नाही तर बुरशीचे ठिपके पडतात. त्याहून महत्त्वाचे म्हणजे कागद कोणता. ठिबक सिंचनाच्या या पट्ट्यात शेतातला चंदेरी-काळा मल्चिंग पेपर, ताडपत्री किंवा खताच्या गोणीचे अस्तर सहज हाताशी असते. त्यांत उन्हापासून बचाव करणारी पूरके असतात, पुनर्वापराचे दाणे असू शकतात आणि ती अन्नासाठी तपासलेली नसतात. काळा कागद उन्हात पांढऱ्यापेक्षा बराच अधिक तापतो व त्यावर वाफाळता चीक (शिजवलेले पातळ पीठ) ओतला जातो. प्लास्टिकच वापरायचे तर अन्नयोग्य खूण (पेला व काटा) असलेले, नवे, पारदर्शक पॉलिएथिलिन घ्यावे, चीक थोडा निवू द्यावा आणि घडी घालताना कागद कडकड वाजू लागला किंवा पांढुरका पडला की तो काढून टाकावा. तेलाचा हात फिरवलेली स्टीलची ताटे कमी जागेच्या घरी पुरतात.

कीटकनाशकांचे डबे : कपाशीच्या मुलखात रिकामे कॅन धुऊन पाणी, रॉकेल आणि क्वचित गोडेतेल यांसाठी वापरले जातात. पॉलिएथिलिनच्या भिंतीत तेलकट औषध मुरते. साबणाने पृष्ठभाग धुतला जातो, भिंत नव्हे, आणि आत तेल ठेवले की मुरलेले हळूहळू बाहेर येते. असे डबे कोणत्याही प्रकारे अन्नयोग्य होत नाहीत. तीनदा खळबळून ते पाणी फवारणीच्याच टाकीत ओतावे व डब्याला भोके पाडून तो निकामी करावा. पुनर्वापर होऊ नये म्हणून वेष्टने मोडून टाकण्याची तरतूद कीटकनाशक नियम, १९७१ मध्ये आहे.

पर्याय : स्टीलची पळी हा बहुतेक कामांसाठी पुरेसा पर्याय असून त्याविषयी विशेष सांगण्यासारखे नाही.

पितळ व तांबे यांना कल्हई लागते. ‘कल्हई’ हा शब्द अरबी ‘कलई’ (कथील) यावरून आला, यावर बहुतेक एकमत आहे. वाद पुढे सुरू होतो. अरब भूगोलकारांनी उल्लेखिलेल्या ‘कलह’ या बंदरावरून धातूला नाव पडले, असे एक मत. ते बंदर म्हणजे मलाया द्वीपकल्पातील केडाह असे अनेक अभ्यासक मानतात, काही जण त्याची जागा अन्यत्र दाखवतात. ‘कलअ’ म्हणजे किल्ला यावरून व्युत्पत्ती लावणारेही आहेत. कथिलाचा व्यापार पूर्वेकडून होत असल्याने पहिले मत अधिक संभाव्य वाटते.

कल्हईची रीत अशी : भांडे वाळू, चिंच वा सौम्य आम्ल यांनी घासून स्वच्छ करतात, भट्टीवर तापवतात व आत नवसागराची पूड टाकतात. पांढरा धूर निघतो आणि धातूवरचा गंज सुटतो. लगेच कथिलाची कांडी टेकवली की ती वितळते (कथिलाचा वितळबिंदू २३२° से.). कापसाच्या बोळ्याने ती सर्वत्र पुसून भांडे पाण्यात बुडवतात. तेलकट डाग राहिला तर तेथे कल्हई धरत नाही. आच जास्त झाली तर थर पिवळसर पडतो. कल्हई गेलेल्या पितळेत ताक किंवा आमटी कळकते, म्हणजे आम्लाने तांबे उतरून हिरवट होते. कल्हईचे रिकामे भांडे आचेवर ठेवू नये, थराचे मणी होतात. आत धातूचा सराटाही चालवू नये. खरा धोका कथिलात शिसे मिसळण्याचा. कथील-शिशाचे ६३ : ३७ मिश्रण १८३° से.लाच वितळते, म्हणून कारागिराचे इंधन व दाम दोन्ही वाचते. शुद्ध कथिलाची कांडी वाकवताना कर्रकर्र असा बारीक आवाज येतो. शिसे कागदावर ओढले तर काळपट रेघ उमटते.

ॲल्युमिनियम (‘जर्मल’) स्वस्त आहे, पण भंगारातून ओतलेल्या मिश्रधातूंत शिसे आढळते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०२५ मध्ये आयात होणाऱ्या हिंडालियम (ॲल्युमिनियमचा एक मिश्रधातू) व तत्सम भांड्यांबाबत असा इशारा दिला. लोखंडी व बिडाच्या तव्याला तेलाचा पातळ हात देऊन तापवले की थर बसतो. आंबट पदार्थ तो थर काढतो, आणि वांगे लोखंडात काळे पडते. हा रंग विषारी नाही.

भरितासाठी मात्र खानदेशाने धातू वा प्लास्टिक कधी मागितलेच नाही. काट्याकुट्यांवर भाजलेली वांगी सोलून लाकडी बडगीत (काही गावांत बडजी) ठेचतात. धातूच्या भांड्यात तळ निसरडा होऊन गर सरकतो. लाकडाला पकड असते आणि हिरवी मिरची, लसूण चेचताना रस सांडत नाही. बडगी, घोटणी व लाकडी पळ्या भिजत ठेवू नयेत. गरम पाण्याने लगेच धुवाव्यात, सावलीत उभ्या करून वाळवाव्यात, महिन्याकाठी खाद्यतेल चोळावे. नखाने उकरण्याइतकी चीर पडली की साधन टाकावे, कारण चिरेत ओल राहते. कापण्याच्या पाटांबाबत १९९० च्या दशकात डीन क्लिव्हर या अमेरिकी अन्न-सूक्ष्मजीवशास्त्रज्ञांनी लाकूड प्लास्टिकपेक्षा अनारोग्यकारक नाही असे दाखवले. सुरीचे चरे पडलेला प्लास्टिकचा पाट धुणे अवघड असते, शिवाय त्याचे कण अन्नात जातात.

‘खापर’ (सं. कर्पर, खर्पर, प्रा. खप्पर) हे घुमटासारखे मातीचे भांडे आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) पुरणपोळ्यांसाठी व मांड्यांसाठी चुलीवर ठेवतात. मनगटांवर फिरवून मोठी केलेली पोळी त्यावर अलगद टाकली जाते. त्याला झिलई नसते, त्यामुळे झिलईतील शिशाचा प्रश्न येत नाही. नवे खापर एकदम पेटत्या जाळावर ठेवले तर तडकते. रात्रभर पाण्यात ठेवून, पूर्ण वाळवून, मग मंद आचेवर तापवत न्यावे. तापलेल्या खापरावर ओले फडके फिरवल्यानेही चीर पडते. ती बोटाच्या टिचकीला येणाऱ्या भद्द आवाजावरून कळते.

पंगतीला केळीचे पान व सातपुड्याच्या पायथ्याकडे पळसाच्या पत्रावळी चालतात. महाराष्ट्रात मार्च २०१८ च्या अधिसूचनेने थर्मोकोलची ताटे बंद झाल्यावर पाने-पत्रावळींची मागणी काही प्रमाणात परतली. गरम वरण-बट्टी वाढण्यापूर्वी केळीचे पान विस्तवावरून ओढून घेतले तर फाटत नाही.