क्वेनेल: सोन्याचं नाव, लाकडाचा संसार

कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात फ्रेझर आणि क्वेनेल या नद्यांच्या संगमावर जेमतेम दहा हजार वस्तीचं क्वेनेल शहर आहे. सोनं धुण्याची अवाढव्य परात हे गावाचं मिरवायचं चिन्ह. दर जुलैतला उत्सवही बिली बार्कर या खाणवाल्याच्या नावाने भरतो. पण ऑगस्ट १८६२ मध्ये बार्करला घबाड लागलं ते इथे नाही, तर पूर्वेकडच्या डोंगरात, ऐंशीएक किलोमीटरवर, विल्यम्स क्रीकच्या काठी. क्वेनेलने पैसा मिळवला तो तिकडे निघालेल्या माणसांकडून.

१८५८ मध्ये फ्रेझरच्या वाळूत सोनं सापडल्यावर कॅलिफोर्नियातले अनुभवी लोक नदीकाठाने वर सरकत गेले. गव्हर्नर जेम्स डग्लस यांनी १८६२ पासून कॅरिबूकडे, म्हणजे या सोन्याच्या मुलखाकडे जाणारा रस्ता बांधायला घेतला. फ्रेझरकाठच्या सोडा क्रीक या ठाण्याहून वाफेच्या बोटी क्वेनेलला येत. इथे माल उतरवून तो पुढे डोंगरात जाई. मालवाहतुकीसाठी कुणीतरी दोन डझनभर उंटही आणून पाहिले. त्यांच्या वासाने घोडे-खेचरं उधळायची आणि खडकाळ वाटेवर त्यांचे पाय सोलवटायचे, तेव्हा तो नाद लवकरच सुटला. दुकानदारीत आणि खाणकामात चिनी लोक मोठ्या संख्येने होते. ही बाजू बार्करच्या गोष्टीत नेहमी मागे पडते.

त्याहून मागे पडते ती मूळ रहिवाशांची बाजू. ही भूमी ल्हटाको देने लोकांची. १८६२ मध्येच देवीची साथ प्रांतभर पसरली आणि वस्त्याच्या वस्त्या ओस पडल्या. पश्चिमेकडच्या त्सिल्हकोतिन लोकांच्या मुलखातून सोन्याकडे दुसरा रस्ता काढायचं काम सुरू झालं, तेव्हा १८६४ मध्ये त्यांनी रस्त्याच्या मजुरांवर हल्ला केला. त्यांचे प्रमुख तहाच्या बोलणीसाठी म्हणून आले आणि पकडले गेले. त्यांतल्या पाच जणांना २६ ऑक्टोबर १८६४ रोजी क्वेनेल इथे फाशी दिलं. हे प्रमुख निर्दोष होते, असं तेव्हाचे पंतप्रधान जस्टिन ट्रूडो यांनी संसदेत जाहीर केलं ते २०१८ मध्ये. परातीइतकंच हेही या गावाचं वारसास्थळ आहे, असं मला वाटतं.

वरवरचं सोनं संपलं तशी गर्दी ओसरली. बार्कर १८९४ मध्ये व्हिक्टोरियात कफल्लक अवस्थेत मेला. क्वेनेल मात्र टिकलं. १९२१ मध्ये रेल्वे आली, पण पुढे प्रिन्स जॉर्जपर्यंत रूळ जायला १९५२ उजाडलं. तोवर हेच शेवटचं स्टेशन. मग आजूबाजूच्या पाइनच्या जंगलाला भाव आला. आरागिरण्या, प्लायवूडचा कारखाना आणि १९७२ मध्ये कागदाच्या लगद्याची मोठी गिरणी. प्रांतातल्या अशा गिरण्यांत विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून पंजाबी शीख मजुरांची मोठी साथ राहिली आहे. घरं, शाळा, पगार, सगळं लाकडावर.

घात झाला तो तांदळाच्या दाण्याएवढ्या किड्याने. पाइनच्या सालीखाली अंडी घालणारा भुंगेरा इथे पूर्वीपासूनच होता. कडाक्याच्या थंडीत त्याच्या अळ्या मरत. पण हिवाळे सौम्य होत गेले. शिवाय वणवे तत्परतेने विझवल्यामुळे एकाच वयाची म्हातारी झाडं मैलोन् मैल उभी होती, म्हणजे किड्याला पानच वाढलेलं. १९९० च्या दशकापासून प्रांतातलं सुमारे १ कोटी ८० लाख हेक्टर जंगल त्याच्या तडाख्यात आलं. मेलेलं लाकूड काही वर्षंच करवतीच्या उपयोगाचं राहतं, म्हणून तोडीची मर्यादा वाढवली गेली आणि गिरण्या जोरात चालल्या. ती तेजी उसनी होती. लाकूड आटल्यावर २०१४ मध्ये एक आरागिरणी बंद पडली, २०१९ मध्ये दुसरी. दरम्यान २०१७ च्या उन्हाळ्यात वणव्यांनी सगळा कॅरिबू परिसर होरपळला.