ताफा वळसा घालून का जातो? नव्या आवृत्तीतल्या तारामार्गांविषयी

आमच्या अवकाशातल्या डावपेचांच्या कॉम्प्युटर खेळाची नवी आवृत्ती सुरू केल्यावर बहुतेकांचा पहिला प्रश्न हाच असतो. शेजारचा तारा समोर दिसतोय, मग ताफा चार तारे फिरून तिकडे का जातो? हा बिघाड नाही. आधीच्या आवृत्तीत कुठूनही कुठेही उडी मारता यायची. आता दोन ताऱ्यांमध्ये नकाशावर रेघ असेल, तरच जाता येतं. हा बदल आम्ही का केला आणि त्यामुळे तुमचा व कॉम्प्युटरचा खेळ कसा बदलतो, ते या पत्रकात सांगतो.

कल्पना आमची नाही. १९९३ च्या ‘मास्टर ऑफ ओरायन’ या अशाच खेळामध्ये इंधन पुरेल तिथवर कुठेही जाता यायचं, तर १९९५ च्या ‘असेंडन्सी’त तारे ठरावीक मार्गांनी जोडलेले होते. ‘स्टेलारिस’ २०१६ मध्ये आला तेव्हा वॉर्प (कुठेही थेट उडी), हायपरलेन (ताऱ्यांमधले आखलेले मार्ग) आणि वर्महोल (अवकाशातला आडवाटेचा बोगदा) अशा प्रवासाच्या तीन पद्धती त्यात होत्या. २०१८ च्या २.० आवृत्तीत सुरुवातीला सगळ्यांना फक्त हायपरलेन ठेवली, आणि त्यावर खेळाडूंमध्ये बरीच खडाजंगी झाली. ‘स्वॉर्ड ऑफ द स्टार्स’ने २००६ मध्ये प्रत्येक वंशाला निराळीच प्रवासपद्धत दिली होती. खेळायला मजा येते, पण आमच्यासारख्या छोट्या चमूने त्या वाटेला न गेलेलं बरं.

मार्ग आखून दिले की नकाशावर खिंडी तयार होतात. खेळाडू त्यांना चोकपॉइंट म्हणतात, आम्हाला खिंड हाच शब्द आवडतो, कारण खिंड लढवायची असते. आमच्या खेळातल्या लढाईचं गणित फ्रेडरिक लँचेस्टर या अभियंत्याने १९१६ मध्ये मांडलेल्या वर्गाच्या नियमावर चालतं: ताफ्याची ताकद जहाजांच्या संख्येच्या वर्गाने मोजायची. समजा, तुमची २० जहाजं आहेत आणि शत्रूची त्याच ताकदीची ३०. मोकळ्या नकाशात शत्रू कुठूनही येऊ शकतो, म्हणून तुम्ही पाच ग्रहांवर चार-चार जहाजं ठेवता. शत्रू एकेक ग्रह घेत जातो आणि शेवटी त्याची २८ जहाजं शिल्लक असतात. तुमची सगळी २० एकत्र लढली असती, तर हरूनही त्याची २२ च उरली असती. आता ती २० खिंडीत उभी करा आणि तिथल्या तळाच्या तोफा १५ जहाजांइतक्या धरा. शत्रूचा ताफा संपतो आणि तुमच्याकडे १८ जहाजांइतकी ताकद उरते. जहाजं तेवढीच, फक्त उभं राहायची जागा बदलली.

म्हणून नव्या आवृत्तीत सगळ्या ग्रहांवर थोडं थोडं संरक्षण बांधत बसू नका. आधी नकाशा लहान करून बघा, आपल्या प्रदेशात शिरायच्या वाटा मोजा आणि पैसा तिथे ओता.

आता एआयबद्दल, म्हणजे तुमच्याविरुद्ध खेळणाऱ्या कॉम्प्युटरबद्दल. अनेकांचा समज असा की मार्ग ठरलेले असले की कॉम्प्युटरला रस्ता शोधणं सोपं जातं. खरं तर उलट आहे. मोकळ्या अवकाशात रस्ता शोधायचाच नसतो, सरळ रेघ मारली की झालं. मार्गांच्या जाळ्यात मात्र शोधावा लागतो. पण ते काम संगणकशास्त्रज्ञ डायक्स्ट्राच्या १९५९ च्या आणि ‘ए-स्टार’ या १९६८ च्या पद्धतीने केव्हाच सुटलेलं आहे. एआयचं घोडं अडतं ते ‘कुठे उभं राहू?’ या प्रश्नावर. आमच्या मोठ्या नकाशात ६०० तारे आहेत. कुठूनही कुठेही जाता येत असेल, तर ताऱ्यांच्या १,७९,७०० जोड्या होतात आणि प्रत्येक तारा सीमेवरचाच ठरतो. प्रत्येक ताऱ्याला सरासरी तीन मार्ग दिले, की एकूण मार्ग होतात ९००. मग कुठला तारा हातचा गेला तर आपल्या राज्याचे दोन तुकडे पडतील, हे एआय प्रत्येक टर्नला (खेळीला) हिशेब करून काढू शकतो. जुन्या आवृत्तीतला एआय बावळट वाटायचा, त्याचं अर्धं कारण आमचा नकाशा होता.

उरलेलं अर्धं कारण आम्हीच. चाचणीत एक मालवाहू जहाज दोन ताऱ्यांमध्ये अकरा टर्न नुसतं येरझाऱ्या घालत होतं. शत्रूचा तळ असलेली वाट एआयने लांबची धरावी, असं आम्ही ठरवलं होतं. जहाज पुढे गेलं की रडारवर शत्रू दिसायचा, वाट ‘लांब’ व्हायची, जहाज मागे फिरायचं. मागे आलं की शत्रू दिसेनासा व्हायचा आणि तीच वाट पुन्हा ‘जवळची’! आता एकदा धरलेली वाट, दुसरी बरीच फायद्याची असेल तरच जहाज सोडतं, आणि पाहिलेला शत्रू काही टर्न लक्षात ठेवतं.

दुसरी खोड अधिक महागाची होती. एआयची जहाजं जशी तयार होतील तशी खिंडीकडे सुटायची आणि एकेक करून मरायची. वरचं वर्गाचं गणित आठवा, म्हणजे काय होत असेल ते कळेल. आता ती खिंडीच्या एक तारा अलीकडे जमतात आणि पुरेशी झाल्यावरच आत शिरतात. तुमच्या सीमेपलीकडे बराच वेळ शांतता असेल, तर ती शांतता समजू नका.

नवा खेळ सुरू करताना ‘मार्गांची घनता’ विचारली जाते. ६०० तारे जोडायला निदान ५९९ मार्ग लागतात. तेवढेच ठेवले तर नकाशा झाडासारखा होतो, आतला प्रत्येक तारा खिंड ठरतो आणि दोघेही आपापल्या तटबंदीमागे बसून राहतात. घनता फार वाढवली की पुन्हा जुना मोकळा नकाशा. आमचं मत विचाराल तर मधली घनता घ्या. कुठलीही निवडली तरी प्रत्येकाच्या मूळ ताऱ्याला किमान दोन वाटा मिळतील. सुरुवातीच्या चाचण्यांत एकाच वाटेवर जन्मलेले खेळाडू विसाव्या टर्नलाच कोंडले जात होते, म्हणून हा नियम.

खेळाच्या उत्तरार्धात जंप ड्राइव्ह मिळतो आणि रेघ नसतानाही उडी मारता येते. दोन गोष्टी ध्यानात ठेवा: उडीनंतर ताफा काही टर्न दुबळा असतो, आणि एआयलाही ते तंत्र मिळतं. प्रतिस्पर्ध्याकडे जंप ड्राइव्ह आल्याचं कळलं, की एआय खिंडीतली काही जहाजं राजधानीकडे वळवतो. तुम्हीही वळवा.

जुन्या आवृत्तीच्या सेव्ह फाईल नव्यात उघडणार नाहीत, कारण त्यांच्या नकाशात मार्गच नाहीत. अर्धवट खेळ पुरा करायचा असेल तर जुनी आवृत्ती काढून टाकू नका. दोन्ही एकाच संगणकावर चालतात. एखादं जहाज पुन्हा येरझाऱ्या घालताना दिसलं, तर त्याच टर्नची सेव्ह फाईल आम्हाला पाठवा, आधीच्या दोन-तीन टर्नच्या असतील तर त्याही. नुसत्या स्क्रीनशॉटवरून जहाजाच्या मनात काय चाललं होतं ते आम्हाला कळत नाही.